धोका: कमी, मध्यम, जास्त

माझ्या नवऱ्याची थोरली बहीण पंचवीस वर्षं तुरुंगात होती. मी हे मुद्दाम असंच सांगते, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग सावकाश पुढचं सांगते, की त्या तिथं नोकरीला होत्या, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून, गुन्हेगारांच्या वागण्याचा अभ्यास करायला. त्यावर समोरचा हमखास पाठ ताठ करतो, पाय हलवायचं थांबवतो आणि विचारतो, "म्हणजे त्यांना डोळ्यांत बघून कळतं का हो?"

नाही कळत. पण हे त्यांना स्वतःला उमगायला पंचवीस वर्षं लागली, आणि उमगल्यावर त्यांनी ते सांगितलं, तर बाकी कुणालाच ऐकून घ्यायचं नव्हतं.

वन्संना आधी मात्र सगळं कळायचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला तीन प्रश्न विचारले, चहा अर्धा ठेवला आणि माझ्यादेखत भावाला म्हणाल्या, "मुलगी खोटं बोलत नाही. पण विचारल्याशिवाय खरंही सांगणार नाही." मी तेव्हा आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात कारकून होते. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही हा आमच्या अख्ख्या खात्याचाच स्वभाव होता. पण वन्संना वाटलं, त्यांनी मला ओळखलं. पुढं त्या आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायला आल्या आणि घरात येणारा प्रत्येक माणूस पारखू लागल्या. नळ दुरुस्त करणाराही सुटला नाही. तो गेला की म्हणायच्या, "वडिलांचा धाक होता याला." माझा नवरा कौतुकानं मान डोलवायचा. नळ दुसऱ्या दिवशी पुन्हा गळायचा.

मी एकदा त्यांची कामाची खोली पाहिली होती. सामानाच्या कोठीला लागून, एकच खिडकी, तीही उंचावर. टेबल जमिनीला बोल्टनं आवळलेलं. कैद्याची खुर्ची भिंतीकडं, वन्संची दाराजवळ, पळता यावं म्हणून. टेबलाखाली धोक्याच्या घंटेचं बटण होतं, त्यावर टेबलाबरोबर रंगाचे दोन हात मारलेले होते. ते अकरा वर्षं बंद होतं, आणि दुरुस्तीचा अर्ज अकरा वर्षं चालू होता. कपाटात, दाखवून 'यात काय दिसतं' विचारायची शाईच्या डागांची कार्डं, आणि साडेपाचशे प्रश्नांची एक पुस्तिका, जिची उत्तरं फक्त हो किंवा नाही अशी द्यायची. कुठल्या तरी परक्या देशातल्या लोकांसाठी बनवलेली, आणि भाषांतर करणाऱ्यानं सूड उगवल्यासारखी भाषांतरित केलेली. "मला पुष्कळदा माझ्या डोक्याभोवती पट्टा असल्याप्रमाणे प्रतीत होते." जन्मठेपेचे कैदी या वाक्यापुढं पेन्सिल धरून घामाघूम व्हायचे. एकानं विचारलं होतं, "बाई, पट्टा तुम्ही देणार का?"

या सगळ्यातून चार पानांचा अहवाल तयार व्हायचा. लहानपण, घर, शाळा, राग, झोप, पश्चात्ताप. शेवटी एक चौकट: धोका. कमी, मध्यम, जास्त. यातलं एकच लिहायचं. लवकर सुटका कुणाची करायची ते ठरवणारी एक समिती होती, ती महिन्यातून एकदा बसायची आणि फक्त ती चौकट वाचायची. चार पानं लिहायला वन्संना दोन दिवस लागत. ती उलटायला समितीला जेवढा वेळ लागे तेवढ्यात चहासुद्धा गार होत नसे.

वन्संना या चौकटीचा गर्व होता. उगाच कशाला लपवू? जेवताना सांगायच्या, "आज एक रडला. पण चुकीच्या ठिकाणी रडला. आईचं नाव निघाल्यावर रडला, ज्याला मारलं त्याचं निघाल्यावर नाही." मग जास्त. दुसरा योग्य ठिकाणी रडला, मग कमी. मला वाटायचं, बाई माणसाचं मन वाचते की रडण्याचं वेळापत्रक तपासते? पण मी विचारलं नाही. आणि मला कुणी विचारलं नाही.

त्यांच्या तिरस्काराचा विषय एकच होता, एक प्राध्यापक. वीस वर्षांपूर्वी हा मनुष्य संशोधक म्हणून चार महिने वन्संच्या खोलीत तिसरी खुर्ची टाकून बसला होता. वन्संनी त्याला माणसं दाखवली, टिपणं दिली, चहा पाजला. त्यानं परत जाऊन एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यातल्या आभाराच्या पानावर तुरुंगाच्या बगिच्याचंसुद्धा नाव घातलं, वन्संचं नाही. आता तो दर आठवड्याला टीव्हीवर दिसायचा. कुठं खून पडला की याला बोलवायचे. गुन्हेगाराची नजर सामान्य माणसापेक्षा चार सेकंद जास्त स्थिर राहते, असा त्याचा शोध होता. घरात आम्ही त्याला गुन्हेमहर्षी म्हणायचो. माझा नवरा त्याचा कार्यक्रम न चुकता बघायचा आणि नंतर आरशासमोर उभा राहून स्वतःचे सेकंद मोजायचा.

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना गोड्या सुटला.

गोड्या हे शिपायांनी ठेवलेलं नाव. बायकोला मारहाण करून अर्धमेली केल्याबद्दल आत आलेला, बोलायला अतिशय गोड. वन्संसमोर पाच वेळा बसला आणि पाचही वेळा नेमका हवा तिथं रडला. वन्संनी लिहिलं, "पश्चात्ताप प्रामाणिक. धोका: कमी." समितीनं चौकट वाचली, गोड्या बाहेर गेला, आणि दहाव्या आठवड्यात बायकोच्या माहेरी जाऊन त्यानं मेव्हण्याला भोसकलं. मेव्हणा वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, "तज्ज्ञांच्या अहवालावरूनच सुटका."

अधीक्षकांनी वन्संना बोलावलं. वन्संना वाटलं, आता चौकशी होईल, कुठं चुकलं ते विचारतील. साहेबांनी दार लोटलं, खुर्ची दिली, आणि अगदी आपुलकीनं म्हणाले, "बाई, एवढं मनाला लावून घेऊ नका. यापुढं सगळ्यांना जास्तच लिहीत चला."

"सगळ्यांना? का?"

"आत राहिलेला माणूस पेपरात येत नाही."

त्या संध्याकाळी वन्सं घरी आल्या त्या चपला न काढताच जेवणाच्या टेबलाशी बसल्या. मी चहा ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, "तुझ्या खात्यात ते औषधं लागू पडतात की नाही ते मोजायची रीत असते ना?"

"असते."

"मला माझं मोजायचंय. मी लिहिलं ते किती खरं ठरलं ते."

मी म्हटलं, "पंचवीस वर्षांत एकदाही मोजलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. मला हसू आलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

वन्संनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक माणसाचं एक कार्ड ठेवलं होतं. नाव नाही, फक्त क्रमांक, वय, गुन्हा आणि चौकटीतला शब्द. बुटांच्या नऊ खोक्यांत सहाशे बारा कार्डं. सुटल्यानंतर कोण पुन्हा आत आला ते नोंदीच्या खोलीतल्या कारकुनाकडून मिळवायचं होतं. त्यासाठी रीतसर अर्ज केला. साहेबांनी न वाचताच सही केली. ही त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट असावी.

अडचण एकच होती. 'कमी' लिहिलेले सुटले, त्यांचं काय झालं ते कळणार. पण 'जास्त' लिहिलेले आतच राहिले, त्यांचं कसं कळायचं? वन्सं याच ठिकाणी अडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "वन्सं, त्यांचीही शिक्षा कधीतरी संपलीच असेल की. मग त्यांना तुमच्या चौकटीला न विचारता सोडावंच लागलं असणार. तेच आपले मोजायचे." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू कपाट बोललं.

सात महिने, दर रविवारी सकाळपासून, जेवणाच्या टेबलावर खोकी मांडून आम्ही बसत होतो. सुटून पाच वर्षं पूर्ण झालेलीच कार्डं घ्यायची, असा मी नियम घातला. 'मध्यम'चा गठ्ठा हातात घेऊन मी विचारलं, "यांचं काय करू?" वन्सं म्हणाल्या, "ते बाजूला ठेव. मध्यम म्हणजे त्या दिवशी मला घरी लवकर जायचं होतं." माझा नवरा स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायचा आणि कुरकुरायचा, "ताई, अगं सगळं जग तुझं ऐकतंय, मग कशाला उकरून काढतेस?" त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. तो विमा कंपनीत होता.

शेवटच्या रविवारी बेरीज झाली. मी कागद त्यांच्याकडं सरकवला.

'कमी' लिहिलेले आणि सुटलेले दोनशे चाळीस. त्यातले एकेचाळीस पाच वर्षांत पुन्हा गुन्ह्यात सापडले. शंभरात सतरा.

'जास्त' लिहिलेले आणि शिक्षा संपून सुटलेले एकशे त्र्याऐंशी. त्यातले सदतीस पुन्हा सापडले. शंभरात वीस.

वन्संनी दोनदा वाचलं. "फक्त तीनचा फरक?"

"तोही योगायोग असू शकतो," मी म्हटलं. "आमच्या खात्यात एवढ्या फरकावर खोकल्याचं औषधसुद्धा चालू ठेवत नाहीत."

"मग कुणालाच काही सांगता येत नाही?"

मी दुसरा कागद दिला. तो मी आपणहून केला होता. पंचविशीच्या आत सुटलेले शंभरात पस्तीस परत आलेले. चाळिशी उलटल्यावर सुटलेले शंभरात आठ. आणि ज्यांना भेटायला बाहेरून नियमित कुणीतरी येत होतं ते, कुठल्याही वयाचे असोत, बरेच कमी परत आलेले. जन्मतारीख आणि भेटीचं रजिस्टर. दोन्ही गोष्टी फाटकावरच्या शिपायाला तोंडपाठ.

वन्सं हसल्या. फार वाईट हसल्या. "म्हणजे शाईचे डाग आणि साडेपाचशे प्रश्न, आणि त्यावर माझी नजर," त्या म्हणाल्या, "यापेक्षा फाटकावर विचारलं असतं तर बरं झालं असतं."

भेटीचं रजिस्टर उतरवून घेतानाच मला क्रमांक चारशे अठरा दिसला होता. सगळ्यांच्या भेटी वेड्यावाकड्या, सुरुवातीला गर्दी, मग तुरळक. याच्या मात्र नऊ वर्षं दर महिन्याला एक, एकाच व्यक्तीची. नात्याच्या रकान्यात 'आई'. आणि मग दोन वर्षांपूर्वीपासून काही नाही. वन्संचं कार्ड काढलं. वय सत्तेचाळीस. चौकटीत दोन-दोन वर्षांच्या अंतरानं तीनदा तोच शब्द, 'जास्त'. शेरा: "पश्चात्तापाचा पूर्ण अभाव." तो अजून आतच होता.

"हा खुर्चीवाला," वन्सं म्हणाल्या. तुरुंगाच्या कारखान्यात तो खुर्च्या विणायचा. साहेबांची, समितीची, सगळ्यांच्या बुडाखालची वेताची खुर्ची त्याच्याच हातची होती. धाकट्या भावाशी घरावरून भांडण झालं, पहार हातात होती, एकच घाव. "तीन वेळा विचारलं त्याला, वाईट वाटतं का. तिन्ही वेळा म्हणाला, 'पुढचा प्रश्न विचारा.'"

"मग?"

"मग काय? जास्त." त्यांनी ते कार्ड बराच वेळ हातात धरलं. "पहिल्याच वेळी सोडला असता तर आईच्या शेवटच्या चार वर्षांत घरी असता."

वन्संनी एका पानाचं निवेदन लिहिलं आणि समितीपुढं ठेवायची परवानगी मागितली. आकडे समजावायला म्हणून मला बरोबर नेलं. लांब टेबल, बिस्किटांच्या बशा, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना ऐकू कमी यायचं पण ते त्यांना मान्य नव्हतं. शेजारी अधीक्षक, एक पोलिस अधिकारी, एक समाजसेविका. आणि गोड्याच्या प्रकरणानंतर खास सल्लागार म्हणून बोलावलेले साक्षात गुन्हेमहर्षी. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बुटके.

वन्संनी निवेदन वाचलं. पाच मिनिटं लागली. शेवटी म्हणाल्या, "म्हणून माझी विनंती आहे, की माझ्या अहवालातल्या धोक्याच्या चौकटीवर आजवर जे निर्णय झाले, त्यातले जे अजून आत आहेत त्यांची प्रकरणं पुन्हा बघावीत."

न्यायाधीश म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आमची दिशाभूल केलीत?"

"स्वतःची केली. तुम्ही आपणहून मागोमाग आलात."

अधीक्षकांनी पाण्याचा घोट घेतला. "बाई, तुम्ही दमल्या आहात. कागद मागं घ्या. हे काही इथं बोलायचं नसतं."

"मग कुठं?"

गुन्हेमहर्षी घसा खाकरून पुढं सरसावले. "मॅडमच्या भावना मी समजू शकतो. पण शास्त्रीय दृष्टीनं बोलायचं तर हा नमुना फारच लहान आहे."

"चारशे तेवीस माणसं आहेत," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकात अकरा आहेत. त्यातली चार मी दिली होती, आणि त्या चारांतला एक तिरळा होता. त्याच्या नजरेचे सेकंद तुम्ही कसे मोजलेत ते मला तेव्हाही कळलं नव्हतं."

पोलिस अधिकाऱ्याला ठसका लागला. न्यायाधीशांनी "काय म्हणाल्या?" असं विचारलं आणि त्यांना कुणीच सांगितलं नाही. समाजसेविका तेवढी कळवळून म्हणाली, "पण मग आम्ही ठरवायचं तरी कशावर हो?" त्या खोलीतला हा एकच प्रामाणिक प्रश्न होता.

वन्सं म्हणाल्या, "वय बघा. बाहेर त्याचं कुणी आहे का ते बघा. आणि बाकीचं आपल्याला माहीत नाही, असं लिहून मग ठरवा. तुमच्या जबाबदारीवर. माझ्या चौकटीच्या आड उभं राहून नको."

ते मात्र कुणालाच नको होतं. माझ्या आकड्यांबद्दल एकानंही एक शब्द विचारला नाही. मी दोन तास भिंतीशी बसून चार बिस्किटं खाल्ली. निवेदन 'दप्तरी दाखल' झालं, म्हणजे एका फायलीत गेलं, आणि ती फाईल जिथं जायची तिथं गेली.

महिन्याभरात वन्संची बदली झाली, शिपाई भरतीच्या उमेदवारांच्या मानसिक चाचणीसाठी. तीच पुस्तिका, तोच डोक्याभोवतीचा पट्टा. त्यांच्या खोलीत गुन्हेमहर्षींचा 'धोका मापन संच' आला. संगणकावर चाळीस प्रश्न, त्यातला एक "कैदी डोळ्याला डोळा भिडवतो का?" आणि शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल छापील कागद. उद्घाटनाला नारिंगी फीत होती. समिती खूश झाली, कारण आता शब्दही वाचावा लागत नव्हता. तो संच कुणी तपासून पाहिलाय का, असं मी रीतसर पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, "सदर माहिती गोपनीय आहे." मी दीड तपाच्या वर आकडेवारी विभागात काढलं आहे. कुणी तपासलेलं नसेल तेव्हाच ते गोपनीय असतं, हे मला सांगायला संच लागत नाही.

खुर्चीवाल्याला भेटायला वन्सं गेल्या त्या बदलीनंतर. आता त्या तिथल्या कुणी नव्हत्या, म्हणून साध्या भेटीचा अर्ज भरावा लागला. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी "ओळख" लिहिलं. मी बरोबर होते. पंचवीस वर्षं त्या आवारात वावरलेल्या बाईची फाटकावर पिशवी तपासली, आणि जाळीच्या बाहेरच्या बाकावर आम्हाला दीड तास बसवून ठेवलं. शेजारी एक बाई तान्हं पोर घेऊन बसली होती. तिनं वन्संना विचारलं, "तुमचं कोण आत?" वन्सं म्हणाल्या, "मी ठेवलेला एक माणूस आहे." त्या बाईनं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि जरा लांब सरकली.

तो आला. उंच, केस पांढरे झालेले, बोटांची टोकं वेतानं चिरलेली. जाळीपलीकडच्या स्टुलावर बसला आणि वन्संकडं बघत राहिला.

"मी तुमच्याबद्दल तीनदा 'जास्त' लिहिलं," वन्सं म्हणाल्या.

"माहीत आहे."

"ते मला कळत नव्हतं. मी नंतर मोजून पाहिलं. माझ्या लिहिण्याला काही अर्थ नव्हता. हे मी समितीला लेखी दिलंय. तुमच्या वकिलालाही देणार आहे, शपथेवर."

तो म्हणाला, "तुम्हाला कळत नाही हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. पण सांगणार कुणाला? ऐकायला तुम्हीच बसला होतात."

वन्संनी मान खाली घातली. मग मात्र त्यांच्यातली ती जुनी खोड पुन्हा वर आलीच. त्यांनी विचारलं, "तुम्ही रडला असता तर मी सोडलं असतं. तुम्हाला ते ठाऊक असणार. का नाही रडलात?"

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. असा तुच्छतेचा भाव मी आयुष्यात एकदाच पाहिला.

"तुमच्यासमोर?" तो म्हणाला. "बाई, तो माझा भाऊ होता. मी त्याला चालायला शिकवलं होतं. तुम्ही कोण?"

तो उठला. शिपायाला म्हणाला, "झाली भेट." अजून सात मिनिटं शिल्लक होती.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय गं ताई, माफ केलं का त्यानं?" आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्याला मी बशी फेकून मारली असती असा तो पहिलाच दिवस.

वन्संनी शपथपत्र दिलं. खुर्चीवाल्याचा वकील सरकारनं दिलेला होता, पेंगुळलेला आणि तीन-तीन तारखा चुकवणारा. वन्सं त्याच्या कार्यालयात जाऊन बसू लागल्या. आठवड्यातून दोनदा, समोरच्या खुर्चीत, नुसत्या बघत. या कामाला मात्र त्यांची नजर उपयोगी पडली. चौदा महिन्यांनी कोर्टानं समितीला प्रकरण नव्यानं ऐकायला सांगितलं. त्यावर समितीनं काय करावं? संच लावला. संचानं लाल कागद दिला, कारण चाळिसातल्या एकाही प्रश्नाला त्या माणसानं "पुढचा विचारा" याशिवाय उत्तर दिलं नव्हतं. पण कोर्टात वन्संचं शपथपत्र होतं, आणि न्यायालयानं विचारलं की या लाल रंगाचा आधार काय? गुन्हेमहर्षींनी ताप आल्याचं कळवलं. दुसऱ्या तारखेलाही त्यांना ताप होता. टीव्हीवर त्या आठवड्यात ते ठणठणीत दिसले. तिसऱ्या तारखेला खुर्चीवाला सुटला.

तो काही आभार मानायला आला नाही, आणि आला असता तर वन्संना कुठं तोंड लपवावं ते कळलं नसतं. बाकीच्यांचं विचाराल तर, ज्यांच्या कार्डावर 'जास्त' होतं आणि जे अजून आत होते असे एकोणतीस जण उरले होते. वन्संनी प्रत्येकाच्या वकिलाला तेच शपथपत्र पाठवलं. त्यातले सहा सुटले. तेविसांचे वकील एक तर सापडले नाहीत किंवा सापडून न सापडल्यासारखे होते.

उरलेली नोकरी वन्संनी भरतीच्या खोलीत काढली. तिथंही फॉर्मच्या शेवटी चौकट होती, योग्य किंवा अयोग्य. त्या प्रत्येक फॉर्मवर "सांगता येत नाही" लिहायच्या. तीनदा त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस आली. तिन्ही वेळा त्यांनी माझा तो एक पानाचा कागद जोडून पाठवला. चौथ्यांदा नोटीस काढायला कुणी धजावलं नाही, कारण तोवर निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि साहेबांना निरोप समारंभाला भाषण करायचं होतं. भाषणात ते म्हणाले, "बाईंना माणसाच्या डोळ्यांत बघून सगळं कळायचं." टाळ्या पडल्या. वन्संनी शाल घेतली नाही, तशाच खाली उतरल्या. लोकांना वाटलं, भावनाविवश झाल्या.

गेल्या वर्षी घराच्या खिडकीसाठी लाकूड बघायला आम्ही दोघी वखारीत गेलो होतो. दारात एक ट्रक उभा होता आणि चार माणसं फळ्या उतरवत होती. त्यातला सगळ्यात म्हातारा माणूस खांद्यावर फळी घेऊन वन्संच्या अगदी समोर येऊन थांबला. वन्संनी आणि खुर्चीवाल्यानं एकमेकांना ओळखलं.

"बाई, बाजूला व्हा," तो म्हणाला. "जड आहे."

वन्सं बाजूला झाल्या. तो आत गेला, फळी ठेवली, बाहेर आला, दुसरी घेतली. आमच्याकडं पुन्हा बघितलं नाही. वन्सं मालकाशी बोलायला लागल्या, खिडकीला सागवान लागतं की दुसरं काही चालेल, आणि माप मात्र त्यांनी घरून चुकीचं आणलं होतं.